वाचकांचे प्रश्न : अर्ध्यावर अडलेली गोधडी

तुकड्यांच्या गोधडीबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘सोडून द्यावंसं वाटतं’ हे वाक्य कुठे ना कुठे आहे. त्यावर आमचं मत आधीच सांगतो. गोधडी बहुतेक वेळा चिकाटी कमी पडल्यामुळे अडत नाही. चूक होते एका टप्प्यावर आणि दिसते त्याच्या पुढच्या टप्प्यांवर. मग दिसते तिथेच दुरुस्ती करत बसलं की ती पुन्हा पुन्हा डोकं वर काढते आणि माणूस वैतागतो. म्हणून खाली शक्य तिथे चूक कुठून आली ते आधी शोधलं आहे आणि उपाय नंतर दिला आहे. मापं इंचांत आणि सुतांत आहेत. ८ सूत म्हणजे १ इंच.

प्रश्न : १२ ओळी आणि प्रत्येक ओळीत १२ चौकोन अशी साधी गोधडी घेतली आहे. सगळे चौकोन साडेचार इंचांचे, पट्टीने मोजून कापले. शिवल्यावर मात्र काही ओळी साडेअठ्ठेचाळीस इंच भरतात, तर काही जेमतेम ४७. एकमेकींना जोडायला घेतल्या की कोपरे सरकतात. दोनदा उसवून झालं. तिसऱ्यांदा उसवायची ताकद नाही.

उत्तर : तिसऱ्यांदा सगळं उसवूही नका. तुमचं कापणं बरोबर आहे, घोळ शिवणीच्या मायेत, म्हणजे टीप आणि कापडाची कड यांच्यामधल्या अंतरात आहे. साडेचार इंचांच्या चौकोनातून दोन्ही बाजूंची दोन-दोन सूत माया गेली की ४ इंच उरतात. अशा १२ चौकोनांचे ४८ इंच आणि दोन टोकांची माया धरून साडेअठ्ठेचाळीस. ज्या ओळी तेवढ्या भरल्या त्या अचूक आहेत. आता समजा, एखाद्या ओळीत टीप फक्त अर्धं सूत आत पडत गेली. डोळ्याला हा फरक कळत नाही. पण टीप दोन तुकड्यांतून जाते, म्हणून प्रत्येक जोडाला एक सूत कमी होतं. ओळीत ११ जोड आहेत, म्हणजे ११ सूत गेले, जवळपास दीड इंच. तुमची ४७ इंचांची ओळ इथून आली.

कापड दाबून धरणाऱ्या नेहमीच्या प्रेसर फूटची कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असेलच असं नाही, आणि बहुतेक जण त्याच कडेवर भरवसा ठेवून शिवतात. त्याऐवजी फूट वर उचलून सुईखाली पट्टी ठेवा, चाक हाताने फिरवून सुई पाव इंचाच्या रेघेवर अलगद टेकवा आणि पट्टीच्या कडेला लागून मशीनवर कागदी चिकटपट्टीचे चार-पाच थर चिकटवा. त्या उंचवट्याला कापडाची कड लागून चालली की टीप भरकटत नाही. सुईखालच्या, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवर चिकटपट्टी येऊ देऊ नका.

मग चाचणी. दीड इंच रुंद आणि साधारण ६ इंच लांब अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मोजा. एकूण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोबर १ इंच भरली पाहिजे. मधली पट्टी कमी भरली तर चिकटपट्टी सुईकडे कापडाच्या दोन धाग्यांइतकी सरकवा आणि पुन्हा शिवून बघा. मोजपट्टीवर टीप अचूक पाव इंच दाखवूनही मधली पट्टी किंचित कमी भरते, कारण शिवण दुमडताना कापडाच्या जाडीत थोडं माप जातं. म्हणून टीप पाव इंचाहून केसभर कमी ठेवायची असते.

आता शिवलेल्या ओळींचं. कमी भरणाऱ्या ओळीत प्रत्येक चौकोन वरून मोजा. जो ४ इंचांपेक्षा स्पष्ट कमी आहे, फक्त त्याचेच जोड दुरुस्त करा. आणि आधी उसवू नका. जुनी टीप जागेवर असतानाच तिच्या बाहेरच्या बाजूला, कापडाच्या कडेपासून चाचणीत ठरलेल्या अंतरावर नवी टीप मारा आणि मग आतली जुनी टीप काढा. दोन्ही तुकडे हलत नाहीत, टाचण्या लागत नाहीत आणि वेळ निम्मा होतो. दोन ओळींत दोन-तीन सुतांचाच फरक असेल तर तेवढंही करू नका. प्रत्येक जोडावर टाचणी लावा आणि लांब ओळ खाली, दात्यांच्या बाजूला ठेवून शिवा. दाते तेवढं कापड आपोआप सामावून घेतात.

प्रश्न : मापं बरोबर आहेत, तरी चार चौकोन मिळतात तिथे कोपरे जुळत नाहीत आणि कापडाचा जाड गठ्ठा तयार होतो.

उत्तर : इस्त्रीची दिशा चुकते आहे. पहिल्या ओळीतली सगळी माया उजवीकडे दाबा, दुसऱ्या ओळीतली डावीकडे, तिसरीतली पुन्हा उजवीकडे. ओळी समोरासमोर ठेवल्या की दोन्हींच्या मायेच्या कडा एकमेकींना अडतात. दोन बोटांत धरून सरकवलं की त्या अडल्याचं हाताला कळतं. तिथे टाचणी लावा. शिवताना वरच्या थरातली माया सुईच्या दिशेने वळलेली असेल तर फूट तिला पुढच्या कडेवर आणखी घट्ट बसवतो. इस्त्री मात्र ठेवून उचलायची, घासायची नाही. घासलेल्या इस्त्रीने, त्यातही वाफेच्या, नीट शिवलेली ओळ वाकडी होते.

प्रश्न : घरातल्या जुन्या कपड्यांची गोधडी करते आहे. टी-शर्ट, जीन्स, सुती शर्ट, काही फार जुनं मऊ कापड, असं सगळं आहे. टी-शर्टचे चौकोन शिवताना लांबतात, जुनं कापड शिवणीशीच फाटतं. हे सगळं एकत्र येणं शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे, पण प्रत्येक कापडाची तयारी वेगळी आणि ती कापण्याआधी व्हायला हवी. टी-शर्टचं कापड विणलेल्या फासांचं असतं, ते ताणलं जाणारच. चौकोनापेक्षा दोन इंच मोठा तुकडा कापा, त्याच्या उलट्या बाजूला न ताणणारं, हलकं, इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग लावा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग अचूक मापाचा चौकोन कापा. आधी चौकोन कापून नंतर फ्यूजिंग लावलं तर वेडावाकडा चौकोन तसाच पक्का होतो.

जुनं कापड उजेडासमोर धरा. विणीत विरळ पट्टे दिसले किंवा दोन अंगठ्यांनी ताणल्यावर चरचर आवाज आला, तर ते एकटं टिकणार नाही. त्याच्या मागे पातळ सुती कापडाचा तेवढाच तुकडा ठेवून, कडेने कच्चा दोरा घालून दोन्ही मिळून एक कापड समजा. तरीही शिवणीशी फाटत असेल तर तो तुकडा मोकळ्या मनाने बाजूला ठेवा. आठवणीचं कापड असेल तर गोधडीच्या अंगात ते घालू नका. गोधडी पूर्ण झाल्यावर वरून ठिगळासारखं लावा, म्हणजे त्याच्यावर ओढ येणार नाही.

जीन्सच्या जोडाची माया एका बाजूला न वळवता दोन्हीकडे उघडून दाबा आणि तिथे १६ नंबरची सुई वापरा. आणि सगळं कापड आधी धुऊन घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटू शकतं, पॉलिस्टर जवळजवळ आटत नाही. न धुता दोन्ही शेजारी शिवली तर पहिल्याच धुण्यानंतर सुती चौकोन ओढले जातात आणि पॉलिस्टरचे फुगतात.

प्रश्न : ८ इंचांचे ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौकोन) शंकरपाळ्यासारखे, कोपरा वर करून लावले आहेत. कडेला बसवलेले त्रिकोण इतके लांबले की सगळी कड लाटेसारखी हलते.

उत्तर : त्रिकोणाची उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली बाजू गोधडीच्या बाहेरच्या कडेला आली आहे. उरेब कापड ताणलं जातंच, त्यात तुमच्या शिवण्याचा दोष नाही. दोष त्रिकोण कापण्याच्या पद्धतीत आहे. कडेचे त्रिकोण मोठ्या चौकोनाला दोन्ही कर्णांवर कापून, एका चौकोनातून चार असे काढायचे. मग सर्वांत लांब बाजू सरळ धाग्यावर येते आणि तीच बाहेर राहते. कोपऱ्यांचे त्रिकोण मात्र चौकोनाला एकाच कर्णावर कापून काढायचे.

चौकोनांचं माप असं काढा. कडेच्या त्रिकोणांसाठी ब्लॉकच्या तयार मापाला १.४१४ ने गुणा आणि सव्वा इंच मिळवा. ८ इंचांच्या ब्लॉकला ते साडेबाराच्या किंचित वर जातं, म्हणून १२ इंच ५ सुतांचा चौकोन घ्या. कोपऱ्यांसाठी ब्लॉकच्या मापाला १.४१४ ने भागा आणि ७ सूत मिळवा. उत्तर साडेसहाच्या किंचित वर येतं, म्हणून ६ इंच ५ सूत घ्या. एखादं सूत जास्त झालं तर शेवटी छाटता येतं. कमी पडलं तर ब्लॉकचे कोपरे कापले जातात.

कापड पुरेसं असेल तर हे त्रिकोण नव्याने कापा, आमचा आग्रह तोच आहे. कापड संपलं असेल तर कडेपासून एक सूत आत हाताने बारीक धावदोरा घाला, पट्टीवरच्या मूळ मापापर्यंत दोरा हळूहळू ओढा, चुण्या सारख्या वाटून घ्या, खळ शिंपडा आणि वरून इस्त्री टेकवत जा. थोडं लांबलेलं कापड यात परत बसतं. फार लांबलेलं बसत नाही. पुढच्या वेळी उरेब तुकडे कापण्याआधीच कापडाला कडक खळ द्या.

प्रश्न : मधला भाग सपाट आहे, पण चारही बाजूंची बॉर्डर लावल्यावर कडा हलायला लागल्या. बॉर्डर उभ्या धाग्यावरच कापली होती.

उत्तर : लांब पट्टी घेऊन शिवत गेलात आणि शेवटी उरलेली कापून टाकलीत, असं दिसतं. मशीन दोन्ही थर सारखे सरकवत नाही, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त पट्टी शिवली जाते. बॉर्डर उसवा. गोधडीची लांबी डाव्या कडेला, मध्ये आणि उजव्या कडेला अशी तीन ठिकाणी मोजा, सरासरी काढा आणि दोन्ही पट्ट्या तेवढ्याच कापा. पट्टीचा मध्य गोधडीच्या मध्याला, मग दोन्ही पाव भाग, मग मधल्या टाचण्या, असं लावून शिवा. त्या दोन बाजू झाल्यावर आडवी मापं नव्याने घ्या.

प्रश्न : वरचा थर सुंदर झाला. तीन थर एकत्र करून मशीनवर टिपा मारल्या आणि उलटून पाहिलं तर अस्तरात चुण्या, काही ठिकाणी दोऱ्याचे गुंते. एवढ्या महिन्यांची मेहनत वाया गेली असं वाटतंय.

उत्तर : वाया काहीच गेलेलं नाही. वरचा थर शाबूत आहे. हा सगळ्यांत दमवणारा टप्पा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चुण्या आणि गुंते या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. खालच्या बाजूला गुंता किंवा सैल फास दिसले की लोक बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला दोष देतात, पण कारण बहुधा वरच्या दोऱ्यात असतं. फूट खाली असताना दोरा ओवला तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसतच नाही, नुसता वरून जातो. फूट वर उचला, दोरा पूर्ण काढून नव्याने ओवा, सुई बदला. तीन थरांसाठी १४ नंबरची सुई आणि अडीच ते ३ मिलिमीटरचा टाका ठेवा. बोथट सुईने टाके सुटतात, म्हणून आठ-दहा तासांच्या शिवणानंतर सुई बदलायची सवय ठेवा. अस्तर, बॅटिंग (मधला मऊ भरणाचा थर) आणि वरचं कापड यांचा १० इंचांचा नमुना करून त्यावर ताण जुळवा. गोधडीवर प्रयोग करू नका.

चुण्यांचं मूळ मात्र मशीनवर नाही, जमिनीवर आहे. थर अंथरताना अस्तर सैल राहिलं असणार. अस्तर चारही बाजूंनी ४ इंच मोठं हवं. ते उलटी बाजू वर करून फरशीवर पसरा आणि आधी चारही बाजूंचे मध्य, मग कोपरे, मग मधल्या जागा असं चिकटपट्टीने पक्कं करा. कापड ताठ असावं, पण ताणलेलं नसावं. ताणलेलं अस्तर चिकटपट्ट्या काढल्यावर आक्रसतं आणि मग चुण्या वरच्या थरात येतात. त्यावर बॅटिंग, त्यावर वरचा थर, प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारखा करत. मग ४-४ इंचांवर सेफ्टी पिना. गोधडीवर कुठेही पंजा टेकवला तर एक तरी पिन हाताला लागली पाहिजे. ५२ बाय ७२ इंचांच्या गोधडीला साधारण २३५ पिना लागतात. लोक ६०-७० लावतात आणि पुढचे दोन आठवडे उसवत बसतात.

मशीनवर दाते खालचा थर ओढतात आणि वरचा मागे राहतो. वॉकिंग फूट असेल तर तो वरच्या थरालाही बरोबर चालवतो. सरळ टिपांसाठी तो घ्याच. पहिली टीप गोधडीच्या मधोमध उभी, दुसरी मधोमध आडवी, मग प्रत्येक अर्ध्याच्या मध्ये एकेक. या चार-सहा टिपांनी थर बांधले गेले की मधल्या जागा भरा. शेजारच्या सगळ्या टिपा एकाच दिशेने मारा. एक वरून खाली आणि पुढची खालून वर अशी मारली तर दोन टिपांमधलं कापड तिरकं ओढलं जातं आणि त्या पट्टीत तिरप्या लाटा दिसतात. गोधडीचं वजन टेबलाच्या कडेवरून खाली लोंबू देऊ नका. डावीकडे आणि मागे खुर्ची किंवा दुसरं टेबल लावा. लोंबणारं वजन कापड मागे खेचतं, टाके बारीक पडतात आणि सुई वाकते.

आत्ता आलेल्या चुण्यांचं काय? ज्या चुणीत कापडाची घडी टीपेखाली शिवली गेली आहे, ती काढायलाच हवी. चुणीच्या दोन इंच आधीपासून दोन इंच नंतरपर्यंत उसवा. दर तिसरा-चौथा टाका एका बाजूने कापत जा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा, तो अखंड निघतो. दोऱ्याची टोकं सुईत ओवून मधल्या थरात लपवा, अस्तर बाहेरच्या बाजूला सारून पिना लावा आणि पुन्हा शिवा. ज्या ठिकाणी नुसता फुगवटा आहे, घडी पडलेली नाही, तिथे हात लावू नका. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात थोडं आटतं आणि सगळ्या गोधडीवर बारीक सुरकुत्या येतात, त्यात तो फुगवटा दिसेनासा होतो.

प्रश्न : मशीन नको म्हणून हाताने धावदोरा घालतो आहे. टाके सारखे येत नाहीत, बोटं सोलवटली आहेत.

उत्तर : सुई आखूड घ्या. ‘बिटवीन’ नावाच्या आखूड सुया यासाठीच असतात. सुरुवात ८ किंवा ९ नंबरने करा, नंबर वाढला की सुई बारीक होते. मधल्या बोटात अंगुस्तान हवंच. दोरा १८ इंचांपेक्षा लांब घेऊ नका, कापडातून वारंवार जाऊन तो झिजतो आणि पिळतो. टाका लहान करण्याच्या मागे लागू नका, सारखा करा. इंचाला सहा टाके सारखे पडले तर ते इंचाला दहा वेडेवाकडे पडण्यापेक्षा चांगले दिसतात. बोटं दुखत असताना घातलेले टाके सैल पडतात, तेव्हा त्या दिवशी थांबा.

प्रश्न : ८० ब्लॉकची मोठी गोधडी ठरवली होती. ३६ झाले आणि काम थांबलं. आता दोन वर्षं पेटीत आहे. ब्लॉक ८ इंचांचे, पण सगळे सारखे नाहीत, काहींत रंगांची जागाही चुकली आहे. पेटी उघडली की अपराधी वाटतं. पूर्ण करावी की सोडावी?

उत्तर : तुमच्याकडे एक पूर्ण गोधडी जवळजवळ तयार आहे, म्हणून सोडू नका. ८० चा आकडा मात्र सोडा. ३५ ब्लॉक घ्या आणि पाचांच्या सात ओळी करा. प्रत्येक ब्लॉकच्या मध्ये आणि बाहेरून २ इंचांची पट्टी घाला. रुंदी पाच ब्लॉकचे ४० आणि सहा पट्ट्यांचे १२ मिळून ५२ इंच. लांबी सात ब्लॉकचे ५६ आणि आठ पट्ट्यांचे १६ मिळून ७२ इंच. एका मोठ्या माणसाच्या अंगावर ती नीट पुरते. त्यासाठी अडीच बाय साडेआठ इंचांच्या ४२ आखूड पट्ट्या आणि अडीच बाय साडेबावन्न इंचांच्या ८ लांब पट्ट्या कापा. उरलेला छत्तिसावा ब्लॉक टीपेचा ताण जुळवायला वापरा.

पट्ट्यांचा खरा फायदा मापांपलीकडचा आहे. ब्लॉक एकमेकांना चिकटत नाहीत, त्यामुळे कोपऱ्याला कोपरा जुळवण्याची कटकट संपते. एखाद-दुसरं सूत कमी-जास्त असलेला ब्लॉक पट्टीच्या मापाला टाचण्यांनी बसवता येतो. फरक दोन सुतांहून जास्त असेल तर सगळे ब्लॉक सर्वांत लहान ब्लॉकच्या मापाला छाटा आणि वर दिलेल्या आखूड पट्ट्यांची लांबीही तेवढीच कमी करा. लांब पट्ट्या मात्र पहिली ओळ शिवून, तिचं माप घेऊनच कापा. ब्लॉकमध्ये टोकदार नक्षी असेल तर आधी तपासा, छाटल्याने टोकं जातात.

चुकीच्या रंगांबद्दल आमचा नियम सरळ आहे. ज्या चुकीमुळे माप बदलतं किंवा शिवण कच्ची राहते ती दुरुस्त करायची. रंगाची चूक असेल तर ब्लॉक भिंतीवर लावून सहा-सात फुटांवरून बघायचे. नजर तिथेच जात असेल तर ब्लॉकची जागा बदलायची, उसवायचं नाही. मांडणीचा फोनवर काळा-पांढरा फोटो काढा. रंग बाजूला सरले की गडद आणि फिके ब्लॉक कुठे गर्दी करतात ते लगेच दिसतं. गडद ब्लॉक चारही कोपऱ्यांत आणि मध्ये वाटले की बहुतेक मांडण्या सुधारतात.

काम पुन्हा का थांबतं याचाही विचार करा. एक ब्लॉक सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचा आणि मग दुसरा घ्यायचा, या पद्धतीत दर वेळी कापणं, शिवणं, इस्त्री असं उठबस करावं लागतं. त्यापेक्षा सगळ्या आखूड पट्ट्या एका बैठकीत कापा, दुसऱ्या बैठकीत सगळ्या एका पाठोपाठ एक, दोरा न तोडता शिवा, तिसऱ्या बैठकीत इस्त्री. उठताना पुढचे दोन तुकडे टाचून मशीनजवळ ठेवा, म्हणजे पुन्हा बसल्यावर काय करायचं होतं ते आठवत बसावं लागत नाही. लागोपाठ दोन टिपा उसवायला लागल्या की त्या दिवशी मशीन बंद करा आणि कापायचं किंवा इस्त्रीचं काम घ्या. थकलेल्या डोळ्यांनी मारलेली प्रत्येक टीप दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ खाते.

आणि मध्ये थांबावं लागलं तर थांबा, पण नीट थांबा. एका कागदावर लिहा: मायेची खूण कुठे आहे, सुईचा नंबर, टाक्याची लांबी, दोऱ्याचा रंग, इस्त्रीची दिशा, काय कापून झालं आणि काय राहिलं. तो कागद कामातच ठेवा. सहा महिन्यांनी गोधडी परत घेणाऱ्याचा पहिला अडथळा हाच असतो की आधी काय ठरवलं होतं ते आठवत नाही. टाचण्या आणि पिना काढून ठेवा, गंजाचे डाग सहज निघत नाहीत. वरचा थर घडी न घालता गुंडाळा. पाण्याने जाणाऱ्या पेनच्या खुणा राहिल्या असतील तर आधी गार पाण्याने काढा. त्यांच्यावर इस्त्री फिरली तर त्या पक्क्या बसू शकतात.

प्रश्न : पूर्ण झालेली गोधडी पहिल्यांदा धुतली आणि लाल रंग पांढऱ्या चौकोनांत उतरला. मीठ आणि व्हिनेगरमध्ये कापड आधी भिजवलं होतं. आता काही उपाय?

उत्तर : आहे, पण ती वाळवू नका आणि इस्त्री तर अजिबात नको. रंगवलेल्या सुती कापडाचा रंग मीठ किंवा व्हिनेगरने पक्का होत नाही. मीठ रंगवण्याच्या पाण्यात रंग धाग्याकडे ढकलतं, नंतर नाही. आम्लाचा उपयोग लोकर-रेशमाच्या रंगांना होतो. तुमच्या कापडात सुटा रंग राहिला होता, तो पाणी कमी पडल्यामुळे शेजारी बसला.

तो रंग भरपूर गरम पाण्यात आणि भरपूर साबणात तरंगत ठेवायचा. मोठ्या टबात ६० अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी घ्या, ब्लीच नसलेला पातळ डिटर्जंट सढळ हाताने घाला, गोधडी पूर्ण बुडवा आणि वर पांढरा टॉवेल दाबून ठेवा, म्हणजे एकही घडी पाण्याबाहेर राहणार नाही. रात्रभर, साधारण १२ तास ठेवा. पाणी रंगीत झालं असेल तर ते टाकून पुन्हा तेच करा, पाणी स्वच्छ राहीपर्यंत. हे फक्त सुती गोधडीसाठी आहे. रेशीम किंवा लोकर असेल तर करू नका. पुढच्या वेळी प्रत्येक गडद कापडाचा तुकडा शिवण्याआधी गरम पाणी आणि दोन थेंब डिटर्जंट घातलेल्या पेल्यात, पांढऱ्या चिंधीसोबत अर्धा तास ठेवून बघा.

प्रश्न : फक्त कडेचा गोट राहिला आहे. दोन्ही टोकं मिळतात तिथे दर वेळी एक तर घोळ पडतो, नाही तर ओढ बसते.

उत्तर : गोटाची पट्टी अडीच इंच रुंद कापून उभी दुमडा. लांबी घेराहून १२ इंच जास्त घ्या. ५२ बाय ७२ च्या गोधडीचा घेर २४८ इंच, म्हणजे २६० इंच पट्टी. शिवायला सुरुवात बाजूच्या मध्यावर करा, कोपऱ्यावर नाही, आणि पहिले ८ इंच मोकळे सोडा. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबा, दोरा तोडा, पट्टी वर तिरकी दुमडून पुन्हा खाली घ्या आणि नव्या बाजूला वरच्या कडेपासून शिवा.

सुरुवातीच्या टीपेपासून १० इंच उरले की थांबा. दोन्ही टोकं गोधडीच्या कडेवर सपाट अंथरा आणि एकावर एक येऊ द्या. एकमेकांवरचा भाग पट्टीच्या उघड्या रुंदीएवढा, म्हणजे बरोबर अडीच इंच ठेवून जास्तीचं कापा. टोकं उघडून काटकोनात, सुलट बाजू समोरासमोर ठेवा, कर्णावर टाचून आधी अंथरून बघा. पिळ नसेल तरच टीप मारा, मग पाव इंच माया ठेवून कोपरा छाटा. पट्टी गोधडीवर जशीच्या तशी बसते, उरलेले १० इंच शिवून घ्या.